सर्फिंग शिकायला श्रीलंकेतलं वेलिगामा : प्रकल्प नोंदी

१० ऑगस्ट

राखीला सगळे गावी जमलो होतो. तिथेच विषय निघाला आणि रात्री ओट्यावर पक्काही झाला. जानेवारीच्या अखेरीस एखाद्या उबदार समुद्राच्या बेटावर जाऊन सर्फिंग, म्हणजे बोर्डावर उभं राहून लाटेवर स्वार होणं, शिकायचं. पाच जण : मी, दादा, वहिनी, ताईचा अकरावीतला मुलगा आणि धुळ्याची माझी मैत्रीण. पाटबंधाऱ्याच्या कामात साइट-डायरी रोज लिहावी लागते. त्याच पद्धतीने या कामाच्याही नोंदी ठेवणार आहे. अमळनेर तालुक्यातल्या एखाद्या घराला उद्या हेच करावंसं वाटलं, तर त्यांना सुरुवात कुठून करायची ते यातून कळावं.

आजची स्थिती. दादा आणि मी मामाच्या विहिरीत शिकलेलो, पाठीला रिकामा डबा बांधून. मैत्रीण धुळ्यात तरणतलावावर नियमित जाते. भाचा दम लागेपर्यंत छान पोहतो, पण दम लवकर लागतो. वहिनीला पोहता येत नाही. ती म्हणाली, "माले पानीनं भ्याव वाटस, पन मी येसू."

म्हणून पहिला निर्णय आजच लिहून ठेवते : जागा, महिना, शिक्षक, मुक्काम, सगळं वहिनीला धरून ठरवायचं. जी लाट तिला झेपेल ती आम्हा सगळ्यांना झेपेल. भाच्याच्या मोबाइलमधल्या व्हिडिओंवरून जागा निवडायची नाही.

१७ ऑगस्ट

बेटांची चाळणी केली. यात घाई नको होती, म्हणून रविवार पूर्ण यालाच दिला.

बाली सगळ्यांच्या तोंडी होतं. तिथल्या कुटाच्या किनाऱ्यावर तळाला वाळू आहे आणि नवशिके तिथेच शिकतात. पण बालीच्या पश्चिम किनाऱ्याचा चांगला काळ एप्रिल ते ऑक्टोबर. जानेवारीत तिथे पावसाळा असतो, वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे येतो, लाटा विस्कटतात आणि प्रवाहाबरोबर वाहून आलेला कचरा कुटाच्या वाळूवर साठतो. उलुवातूसारख्या नावाजलेल्या जागा प्रवाळखडकावरच्या, आमच्यासाठी नाहीतच. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी बालीचा जरूर विचार करावा.

मालदीवचं पाणी सुंदर, पण तिथे लाट प्रवाळावर फुटते आणि बहुतेक ठिकाणी बोटीने जाऊन खोल पाण्यात उतरावं लागतं. ज्याला उभं राहायला तळ हवा आहे, त्याने मालदीवला शिकायला जाऊ नये.

अंदमानात लिटल अंदमानच्या बटलर बे भागात सर्फिंग होतं. पासपोर्ट लागत नाही, म्हणून दादाचा कल तिकडे होता. पण पोर्ट ब्लेअरहून पुढे पुन्हा जहाज, शिकवणारे मोजके, मोठा दवाखाना लांब, आणि अंदमानच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. दादा ऐकून गप्प बसला आणि मग स्वतःच म्हणाला, "नको."

उरली श्रीलंका, आणि ती सगळ्या बाजूंनी बसते. त्या बेटाला दोन हंगाम आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल नैऋत्य आणि दक्षिण किनारा, म्हणजे हिक्कडुवापासून मिरिस्सापर्यंतचा पट्टा. साधारण मे ते ऑक्टोबर पूर्वेकडचा अरुगम बे. आमच्या महिन्यात पूर्वेला ईशान्य मोसमी पाऊस असतो, दक्षिणेला उघडीप. दक्षिण किनाऱ्यावर गाले आणि मातारा यांच्या मध्ये वेलिगामाचा उपसागर आहे : रुंद, दक्षिणेला उघडा, तळाला वाळू, उतार मंद. तिथे नवशिक्यांची गर्दी असते, हा एकच दोष. पण गर्दी आहे म्हणजे शिकवणारे, बोर्ड आणि मदतही हाताशी आहे.

जागा ठरली : वेलिगामा.

२४ ऑगस्ट

आबांनी परवानगी नाकारली. भाच्याने त्यांना पॅरिस ऑलिम्पिकच्या सर्फिंगचे व्हिडिओ दाखवले होते. २०२४ ची ती स्पर्धा ताहिती या फ्रेंच बेटावरच्या तेआहुपोला झाली. पाण्याची उभी भिंत, वर उलटणारं छत आणि खाली हातभर पाण्यात प्रवाळ. आबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ह्याच्यात तू सुनेला घेऊन जाणार?" आजीने त्यात भर घातली, "समुद्र म्हंजे काय आपली बोरी शे का वं माय?" बोरी म्हणजे आमच्याकडची नदी.

त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यामुळे आज वही-पेन घेऊन आबांसमोर बसले आणि लाट कशी फुटते ते सविस्तर सांगितलं. ते इथेही लिहिते, कारण सगळ्या आखणीचा पाया हाच आहे.

आपल्याला किनाऱ्यावर दिसणारी लाट बहुधा दूरच्या वादळाने उठवलेली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत मोकळा समुद्र आहे. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली जे वारे घोंघावतात, त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येतात. प्रवासात त्या निवडल्या जातात, सुट्या सुट्या आणि नीट ओळीत होतात. यालाच स्वेल म्हणतात. दोन लाटांमधल्या वेळेला पिरियड. बारा सेकंदांच्या पिरियडची लाट खोल समुद्रात सुमारे २२५ मीटर लांब असते. तिच्या निम्म्या खोलीपासून, म्हणजे साधारण ११२ मीटरवर, तिला तळ जाणवू लागतो. तिथून ती मंदावते, आखडते, उंच होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा-दीडपट उरली की ती फुटते. एक मीटरची लाट अंदाजे १.३ मीटर पाण्यात फुटेल.

आता खरा फरक. तळ खोलातून एकदम वर आला, तर लाट सगळा जोर एकाच जागी टाकते आणि उलटून कोसळते. तेआहुपोला तेच होतं. तळ हळूहळू चढत आला, तर माथ्यावरून फेस घसरत येतो आणि जोर लांबवर वाटला जातो. वेलिगामाच्या वाळूवर हे दुसरं होतं. आमचे पहिले धडे तर फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या पाण्यात, कमरेइतक्या खोलीत आहेत.

आबा आयुष्यभर पाटाच्या पाण्यावर शेती केलेला माणूस. उतार म्हटल्यावर त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी एकच अट घातली : वहिनी आधी पोहायला शिकेल, मगच तिकीट. मला अट पटली. मी आखणीत ती तशीच लिहिली आहे.

७ सप्टेंबर

कागदपत्रं. वहिनी आणि भाचा यांचे पासपोर्ट काढायला टाकले. माझा आणि दादाचा आहे, मुदत प्रवासानंतर सहा महिन्यांहून जास्त उरते. सरकारी नोकरीत परदेशी जायला ना-हरकत लागते, तिचा अर्ज आजच दिला. श्रीलंकेचं प्रवेश-परवानगीपत्र, ईटीए, ऑनलाइन काढायचं. त्याचे नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून फक्त त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पाहायचं, दुसरीकडे कुठे पैसे भरायचे नाहीत. भाचा अठराच्या आतला असल्याने ताई आणि भाऊजींचं संमतीपत्र सोबत ठेवू.

२१ सप्टेंबर

वहिनी दर शनिवारी गावाहून जळगावला येते, रविवारी परत जाते. तरणतलावावर एक वयस्क शिक्षिका आहेत, त्यांनी वहिनीला पहिले काही दिवस हात-पाय मारूच दिले नाहीत. पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडणं, कठडा धरून तरंगणं, पाठीवर पडून आभाळाकडे बघणं, एवढंच. मला ही पद्धत मनापासून आवडली. भीती असलेल्या माणसाला वेगाची गरज नसते. आपण बुडत नाही आहोत हे अंगाला कळायला वेळ द्यावा लागतो. आज वहिनी पाठीवर तरंगली आणि उठल्यावर काही न बोलता पुन्हा आडवी झाली.

सगळ्यांसाठी किमान पातळी ठरवली. न थांबता २०० मीटर, कोणत्याही पद्धतीने. पाय न टेकवता दहा मिनिटं पाण्यात राहणं. तोंडावर अचानक पाणी आलं तरी घाबरून उभं न होता श्वास सावरणं. ही तिसरी कसोटी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण सर्फिंग शिकताना माणूस उभा असतो त्यापेक्षा पडलेलाच जास्त असतो.

बोर्ड पायाला दोरीने, म्हणजे लीशने, बांधलेला असतो आणि तो तरंगतो. पण लीश तुटू शकते. "बोर्ड आहे, मग पोहायला कशाला हवं?" असं दादाच्या मित्रांनी विचारलं. त्याचं उत्तर हे आहे.

५ ऑक्टोबर

गावी गेले होते. कापसाची पहिली वेचणी सुरू आहे, दादाला श्वास घ्यायला फुरसत नाही. तरी संध्याकाळी गच्चीवर खडूने बोर्डाचा आकार काढला : आठ फूट लांब, दोन फुटांहून थोडा कमी रुंद, मधोमध रेघ. त्यावर सतरंजी न घालता सराव, कारण सतरंजी सरकते.

पोटावर आडवं व्हायचं, पायाची बोटं बोर्डाच्या शेपटीकडे. छाती वर, नजर समोर. हाताने पाणी मागे सारायचा आव. मग तळवे छातीच्या कडेला टेकवून, एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली आणायचे आणि गुडघे वाकवून उभं राहायचं. यालाच पॉप-अप म्हणतात. पाय मधल्या रेघेवर, आडवे, खांद्याएवढ्या अंतरावर. गुडघा टेकवून उठायची सवय इथेच मोडायची, कारण लाटेवर गुडघा टेकला की तोल एका बाजूला जातो आणि नंतर ती सवय सुटता सुटत नाही. सूर्यनमस्कार घालणाऱ्याला ही हालचाल लवकर येते. आबांनी स्वतः भुजंगासन करून दाखवलं आणि भाच्याला "पाठ कडक आहे तुझी" म्हणून सुनावलं.

कुणाचा कोणता पाय पुढे, तेही पाहिलं. डोळे मिटवून उभं करायचं आणि मागून हलका धक्का द्यायचा. सावरायला जो पाय आपोआप पुढे येतो, तोच बोर्डावर पुढे. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. दादा आणि मैत्रीण गूफी निघाले.

वहिनीचा पॉप-अप सगळ्यांत साफ आहे. दिवसभर वाकून वेचणी करणाऱ्या बाईच्या कंबरेत आणि मांड्यांत किती ताकद असते ते गच्चीवर सगळ्यांनी पाहिलं. कमी आहे ती खांद्यांत, आणि वल्हवायला खांदेच लागतात. तिच्यासाठी रबरी पट्ट्याचे व्यायाम मैत्रिणीने लिहून दिले.

१९ ऑक्टोबर

शिकवणाऱ्या संस्थांना पत्रं पाठवली होती, उत्तरं आली. प्रश्न सगळ्यांना सारखे विचारले होते. एका शिक्षकामागे किती जण? शिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं किंवा जीवरक्षणाचं प्रमाणपत्र आहे का? नवशिक्यांना मऊ फोमचे बोर्ड देता का? पोहायला नुकतंच शिकलेल्या बाईला कसं सुरू कराल? समुद्र खवळला असेल तर काय करता?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून निवड झाली. एकाने लिहिलं, काळजी करू नका, आमच्याकडे रोज लाट मिळते. दुसऱ्याने लिहिलं, त्या दिवशी पाण्यात उतरत नाही, वाळूवर शिकवतो आणि पैसे पुढच्या धड्याला धरतो. आम्ही दुसऱ्याकडे जातो आहोत. त्याने वहिनीसाठी पहिले दोन धडे स्वतंत्र ठेवायलाही सुचवलं.

बोर्डाबद्दलही त्याचं म्हणणं पटलं. मोठ्या माणसांना आठ ते नऊ फुटी फोमबोर्ड. लांब-रुंद बोर्ड जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणून जास्त तरंगतो, हळू लाटही पकडतो आणि उभं राहताना डुगडुगत नाही. भाच्याला छोटा, टोकदार बोर्ड हवा आहे. तो या वेळी नाही. डोक्यावर आपटला तरी फोमने टेंगूळ येईल, फायबरने खोक पडेल, हे त्याला समजावलं आणि त्याने ऐकलं.

१६ नोव्हेंबर

दिवाळी उरकली. वहिनीने किमान पातळी पार केली, आबांनी स्वतः तरणतलावावर येऊन पाहिलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "काढ तिकिटं."

मार्ग असा. जळगावहून रात्रीची गाडी, पहाटे मुंबई. मैत्रीण धुळ्याहून आदल्या दिवशी जळगावला येईल. मुंबईहून कोलंबो अडीच तासांच्या आसपास. विमानतळ कोलंबो शहरात नसून तीसेक किलोमीटर उत्तरेला कटुनायकेला आहे. तिथून दक्षिणेच्या द्रुतगती मार्गाने वेलिगामा तीन तासांत. येताना मात्र रेल्वेने यायचं ठरवलं : माताराकडून गालेमार्गे कोलंबो फोर्टला जाणारी गाडी कित्येक ठिकाणी समुद्राच्या अगदी कडेने धावते. जाताना सामान आणि थकवा, म्हणून मोटार. परतताना सवड, म्हणून गाडी. घड्याळ बदलायचं नाही, तिथली वेळ आपलीच.

मुक्काम किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घेतला, स्वयंपाकघर असलेला. खर्चात बचत करायची असेल तर खोलीत करावी, जेवणात करावी. शिक्षकात करू नये, विम्यात करू नये. प्रवासविमा घेताना अटी ओळीने वाचल्या. बऱ्याच पॉलिसी साहसी खेळ वगळतात. आम्ही घेतलेल्या पॉलिसीत सर्फिंगचं नाव स्पष्ट लिहून घेतलं.

एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये पडतात. फलकावर आकडे मोठे दिसतात, तेव्हा मनात साडेतीनने भागायची सवय घरच्यांना लावते आहे.

३० नोव्हेंबर

गावातल्या एकाने सुचवलं, सुरतेजवळ डुमसला जाऊन आधी हात साफ करून या, धुळ्याहून रस्ता सरळ आहे. मुलताईहून निघालेली आपली तापी तिथेच समुद्राला मिळते, बोरीचं पाणीही तिच्यातूनच तिथे जातं, त्यामुळे मन ओढ घेतं हे खरं. पण खंभातचं आखात शिकायची जागा नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठा, भावनगरकडे दहा मीटरच्या घरात जातो. पाणी गढूळ, चिखल खोल, प्रवाह जोरदार. उलट श्रीलंकेत हा फरक मीटरभरही नसतो. त्यामुळे वेलिगामात तळाची खोली दिवसभरात फारशी बदलत नाही आणि नवशिक्याला सकाळी पाहिलेली जागा दुपारी ओळखू येते. डुमसला नर्मदा-परिक्रमावाल्यांसारखं दर्शनाला जाऊ, पाण्यात उतरायला नाही.

आज पाचही जण फोनवर एकत्र बसून वेलिगामाचा समुद्र-अंदाज वाचायला शिकलो. तीन आकडे पाहायचे : लाटेची उंची, पिरियड, वारा. उंची दुप्पट झाली की लाटेतली ऊर्जा चौपट होते. म्हणून अर्धा मीटर आणि एक मीटर यांतला फरक कागदावर दिसतो त्याहून अंगाला कितीतरी मोठा लागतो. पिरियड वाढला तरी जोर वाढतो. वारा जमिनीवरून समुद्राकडे असेल तर लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. समुद्राकडून असेल तर ती विस्कटते. सकाळी वारा बहुधा शांत आणि दुपारनंतर समुद्रावरचा सुटतो, म्हणून धडे सकाळचेच घेतले.

मग रिप करंट. किनाऱ्यावर लाटांनी लोटलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. बांधाला एका जागी भगदाड पडलं की शेतातलं सगळं पाणी तिथूनच धावतं, तसं हे पाणी वाळूतल्या खोलगट पट्ट्यातून समुद्राकडे ओढ घेतं. पाहणाऱ्याला तिथे लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. जोराची रिप सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते. त्या वेगाशी जगातला पट्टीचा पोहणाराही फार वेळ टक्कर देऊ शकत नाही. अडकलं तर तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहायचं नाही. बोर्ड सोडायचा नाही. हात वर करून मदत मागायची, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर यायचं, जमत नसेल तर तरंगत राहायचं. रिप माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेते. हे वाक्य मी प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं.

१४ डिसेंबर

सामानाची यादी लांबत चालली होती, ती छाटली. बोर्ड तिथे भाड्याने. नेण्याजोगं महत्त्वाचं म्हणजे उन्हापासूनचं संरक्षण. खान्देशातली माणसं पंचेचाळीस अंशांचा मे काढतात, म्हणून ऊन आम्हाला काही करणार नाही असा दादाचा भरवसा आहे. पण वेलिगामा विषुववृत्तापासून सहा अंशांवर आहे, सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, पाणी प्रकाश परत फेकतं, आणि गार वाऱ्यामुळे कातडी भाजते आहे हे कळतच नाही. म्हणून पूर्ण बाह्यांचे रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचे घट्ट सदरे, आणि घोट्यापर्यंतच्या घट्ट विजारी, पाचही जणांना. वहिनीला कपड्यांचा संकोच होता, तोही यात सुटला. बोर्डावर घासून पोट आणि गुडघे सोलवटतात, त्यालाही हेच कपडे कामी येतात. चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचा जाड लेप. डासांसाठी मलम, कारण श्रीलंकेत डेंगी आहे. भाच्याचा कान पूर्वी फुटला होता, म्हणून त्याला कानाच्या डॉक्टरांकडे दाखवून आणलं. त्यांनी पाण्यासाठी कानात घालायचे बोळे दिले.

जेवण. वहिनी आणि मैत्रीण शाकाहारी. तिथे भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं मसूर वरण, भाज्या, आप्पम आणि इडिअप्पम म्हणजे तांदळाच्या शेवया, सहज मिळतं. पण सांबोलात, म्हणजे नारळाच्या चटणीत, आणि कित्येक भाज्यांत उंबलकड, म्हणजे मालदीवच्या सुक्या माशांचा चुरा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मागवतानाच विचारायचं. वहिनी कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि जाड शेव घेते आहे. केळी मात्र इथून नेत नाही. तिथे कोलिकुट्टू, अंबुल अशा किती जाती मिळतात, त्या चाखायची मलाच उत्सुकता आहे.

२६ डिसेंबर

आज मुद्दाम बसून लिहिते आहे. २००४ साली याच तारखेला हिंदी महासागरात त्सुनामी आली. सुमात्राजवळचा भूकंप सकाळी झाला आणि दोनेक तासांत लाटा श्रीलंकेला पोहोचल्या. श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसं गेली. हिक्कडुवाजवळच्या पेरलियाला माताराकडे निघालेली रेल्वे पाण्याने उचलली, एका गाडीत हजाराहून जास्त बळी. आम्ही परतीला याच रुळांवरून येणार आहोत. वेलिगामालाही पाणी घुसलं होतं. ज्या लोकांकडून आम्ही शिकणार आहोत, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरातली माणसं तेव्हा गेली असतील. सुट्टीच्या आनंदात हे विसरता कामा नये, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आणि कामाची बाजू. तेव्हा हिंदी महासागराला सूचनायंत्रणा नव्हती, आता आहे. पण किनाऱ्यावरच्या माणसाने स्वतःही ओळखायला हवं. जमीन बराच वेळ हादरली, समुद्र अचानक मागे हटून तळ उघडा पडला, किंवा मोठा गडगडाट ऐकू आला, तर वाट न पाहता उंचावर जायचं. सामान घ्यायचं नाही. पहिल्या लाटेनंतर परत खाली यायचं नाही, कारण पुढची अधिक मोठी असू शकते. पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुक्कामापासून उंच जागेपर्यंत सगळ्यांनी चालून पाहायचं, हे काम दादाकडे.

११ जानेवारी

तिथला आठवडा मांडला. रोज सकाळी एक धडा, दीड-दोन तास, बस. दुसऱ्या दिवशी खांदे आणि फासळ्या इतक्या दुखतात की उत्साही माणूसही पॉप-अपला उठत नाही, असं शिक्षकाने आधीच कळवलं आहे. म्हणून मध्ये एक दिवस पूर्ण कोरडा : गालेचा किल्ला पाहायचा. पोर्तुगिजांनी सुरुवात केलेला, डचांनी बांधून काढलेला, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत. वेलिगामात किनाऱ्याजवळच कुष्ठराजाची खडकात कोरलेली जुनी मूर्ती आहे, तीही आबांसाठी फोटो काढून आणायची. मिरिस्साहून निळे देवमासे पाहायला बोटी निघतात आणि हंगाम हाच आहे. पण बोट लागणाऱ्यांचा विचार करून ते ऐच्छिक ठेवलं. एखादी पौर्णिमा आली तर तिथे ती पोयाची सुट्टी असते, दुकानं-व्यवहार मंद असतात, मद्यविक्री बंद. आमचं काही अडत नाही.

पाण्यातले नियम छापून प्रत्येकाला दिले. लाटेच्या फुटणाऱ्या टोकाला जो सर्वांत जवळ, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात उतरायचं नाही. बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीच धरायचा नाही, कडेला धरायचा. पडताना उडी किंवा सूर मारायचा नाही, पसरून पडायचं. वर येताना आधी हात डोक्यावर. बोर्ड सोडून पळायचं नाही, कारण मागे दुसरा शिकाऊ असतो. वेलिगामात बहुतेक दुखापती माणसं आणि बोर्ड एकमेकांवर आदळून होण्याचा संभव मोठा, म्हणून गर्दीपासून बाजूला, थोडी कमी चांगली लाट मिळाली तरी चालेल.

२० जानेवारी

रब्बीचं आवर्तन सुरू आहे. माझ्या जागी सहकाऱ्याची नेमणूक झाली, ना-हरकत हातात आहे. दादाच्या हरभऱ्याचं आणि गव्हाचं पाणी शेजारचे काका पाहतील, रात्रीच्या विजेच्या पाळ्या त्यांना लिहून दिल्या. ईटीए पाचही जणांचे आले, छापून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवले. भाच्याचं संमतीपत्र माझ्याकडे.

आज समुद्र-अंदाज पाहिला. पहिल्या दिवशी लाट अर्ध्या मीटरच्या आसपास, वारा सकाळी उत्तरेचा, म्हणजे जमिनीवरून. शिक्षकाला विचारलं, तर त्याने वहिनीचा धडा सर्वांत आधी, सात वाजता ठेवला, पाण्यात गर्दी व्हायच्या आत. तिच्यासोबत मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहीन, बोर्ड न घेता. बाकी तिघांचा धडा नऊला.

राहिलेली कामं : आबांच्या फोनमध्ये माझा तिथला नंबर आणि मुक्कामाचा पत्ता घालणं, विम्याचा मदत-क्रमांक सगळ्यांच्या पाकिटात, वहिनीच्या रॅश गार्डची सैल बाही शिवून घेणं.